बंद पडलेली सीडी १०० एसएस की बिनकागदाची आरएक्स? पहिल्या प्रोजेक्टसाठी सल्ला हवा

नवा_फिटर:
नमस्कार मंडळी. पहिला प्रोजेक्ट म्हणून जुनी गाडी बघतोय. दोन समोर आहेत. एक हिरो होंडा सीडी १०० एसएस, १९९९ ची, कित्येक वर्षं पडवीत उभी. किक अडकलीय, टाकी आतून गंजलीय, आरसी बुक आहे पण मुदत संपलेली. आठ हजार सांगतायत. दुसरी यामाहा आरएक्स १००, इंजिन चालू, पण कागद नाहीत. "नंतर करून देऊ" म्हणतात. मन आरएक्सवर आहे. घरी रिंग पाने, बॉक्स पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) आणि मल्टिमीटर आहे. लेथचं काम बाहेरून करून घेईन. कुठली घेऊ, आणि पैसे देण्याआधी काय बघू?

आरटीओ_खिडकी:
आरएक्सचा विचार सोडा. भारतात आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ ला थांबलं, मागणी मात्र अजून आहे. त्यामुळे चोरीच्या गाड्या आणि चेसिस नंबर घासून पुन्हा ठोकलेल्या फ्रेम याच मॉडेलमध्ये फार सापडतात. बिनकागदाची गाडी म्हणजे सुट्या भागांचा ढीग, आणि तिच्यावर चोरीची तक्रार निघाली तर तोही तुमच्याकडे राहत नाही.

सीडीचं सांगतो. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. रेकॉर्ड दिसलं तर निम्मं काम झालं. नसेल तर आधी आरटीओत जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यावी लागेल, त्याशिवाय एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटीचं बुकिंगही होत नाही. मग हँडलखाली, फ्रेमच्या मानेवरचा चेसिस नंबर आणि डाव्या बाजूला इंजिनच्या पोटाजवळचा इंजिन नंबर चिंधी आणि रॉकेलने पुसून आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळवा. अक्षरांची उंची किंवा ओळ वेडीवाकडी दिसली, किंवा त्या जागी पत्रा पातळ झालेला वाटला, तर तिथूनच परत फिरा.

आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस हयात आहे का, हे हमखास विचारा. वडिलांच्या नावची गाडी मुलगा विकत असेल तर मुलाची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग तुमच्या. मालक हयात असेल तर टीटीओचे (गाडी नावावर करण्याचे) २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पैसे देतानाच सही करून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा राहिला असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. पंचवीस वर्षांपूर्वीचं कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा कोणाच्या लक्षात राहत नाही.

आरसीचं नूतनीकरण पाच वर्षांचं होतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, म्हणजे ती आधी चालती व्हायला हवी. २० वर्षांपुढच्या दुचाकीला हे शुल्कच ऑगस्ट २०२५ पासून २००० रुपये झालंय. वर पर्यावरण कर, उशिराचे पैसे, विमा, पीयूसी आणि पाटी. हे सगळं धरून किंमत पाडा. आठ हजार जास्त आहेत.

बोअर_पन्नास:
कागदांबद्दल वर लिहिलंय त्याला दुजोरा. इंजिनच्या दृष्टीनेही पहिल्या कामाला सीडीच योग्य. ९७.२ सीसी, ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ४९.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). हेच घराणं पुढे स्प्लेंडरमध्ये चाललं, म्हणून पिस्टन, रिंग, वॉल्व्ह, टायमिंग चेन, क्लच प्लेट सगळं तालुक्याच्या दुकानातही मिळतं. पार्ट घेताना जुना नमुना सोबत न्या.

बघायला जाताना प्लग पाना न्या. प्लग काढा, गाडी टॉपमध्ये टाका, मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. साखळीच्या ढिलाईपलीकडे जरा जरी हललं तर किकची यंत्रणा अडकलीय, ते काम किरकोळ. अजिबात हललं नाही तर रिंगा बोअरला धरल्यात, किंवा मॅग्नेटच्या (करंट तयार करणाऱ्या चाकाच्या) कव्हरमध्ये पाणी जाऊन मॅग्नेट प्लेटला गंजून चिकटलंय. बंद गाडीवर किकवर उभं राहून जोर लावू नका, किक शाफ्टचे दाते जातात.

फ्रेमसाठी: स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटकन अडलं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय, ते स्वस्त आहे. फोर्कच्या पाइपवर सील चालते तिथे क्रोमला खड्डे असतील तर नवं सील महिन्याभरात गळणार, पाइपचे पैसे धरा. बॅटरी बॉक्सखालचा पत्रा आणि साइड स्टँडचा कान स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा.

नवा_फिटर:
आभारी आहे. रेकॉर्ड ऑनलाइन दिसतंय, मालक हयात आहेत, नंबर जुळले. सीडी साडेपाच हजाराला घेतली, सह्या झाल्या. चाक अजिबात हलत नाही. मॅग्नेटचं कव्हर उघडलं, आत कोरडं आहे. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून दोन दिवस ठेवलं, काही फरक नाही. हेड (सिलिंडरचं झाकण) उघडू का?

बोअर_पन्नास:
या इंजिनात सिलिंडर जवळजवळ आडवा आहे. वरून ओतलेलं डिझेल बोअरच्या खालच्या बाजूला साचतं, वरची बाजू कोरडीच राहते. इंजिन उतरवा. हलकं आहे, दोघांनी सहज निघतं. आधी इंजिनातलं तेल काढा, मग इंजिन सिलिंडर वर करून लाकडी ठोकळ्यांवर उभं करा. इंजिन ऑइल आणि डिझेल निम्मंनिम्मं, ३० मिली पुरे, प्लगच्या भोकातून सोडा. दोन-तीन दिवस थांबा. मग मॅग्नेटच्या नटाला बॉक्स पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. एकाच दिशेने जोर लावला तर नट किंवा रिंग तुटते.

तरी हललं नाही तर हेड काढा. काढण्याआधी चारही नटांखालचे वायसर कुठला कुठे ते फोटो काढून ठेवा, ते सारखे नसतात. पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. पिस्टन अगदी खालच्या टोकाला असेल तर ठोकू नका, सगळा मार कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर जातो.

सुटल्यावर रॉड धरून वर-खाली ओढा. वर-खाली खेळ शून्य हवा. बाजूला थोडा हलतो, तो चालतो. वर-खाली टकटक जाणवली तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) प्रेसवर न्यावी लागेल आणि खर्च एकदम वाढेल, म्हणून हे बोअरिंगच्या आधी बघा. बोअरमध्ये नखाला लागणारी गंजाची रेघ असेल तर होनिंगने (नुसतं घासून गुळगुळीत करण्याने) भागत नाही. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच्या मापावर बोअर करून घ्या. ओव्हरसाइझ ०.२५ च्या पायरीने येतात. जेवढं कमी कापून रेघ जाते तेवढंच कापायचं; थेट १.०० वर गेलात तर पुढच्या वेळी स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरचं आतलं नळकांडंच नवं बसवावं लागेल. नवी रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे असेल तर परत द्या.

एक काम बरेच मेकॅनिक टाळतात. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. क्लचच्या बाजूला क्रँकच्या टोकावर फिरता फिल्टर असतो, तेलातला कचरा त्याच्या भिंतीवर फेकला जाऊन तिथे थर बसतो. इतक्या जुन्या गाडीत तो मेणासारखा घट्ट झालेला असतो. उजवं कव्हर काढा, फिल्टरची झाकणी उघडा, थर लाकडी काडीने खरवडा, पेट्रोलने धुवा. खालची जाळीही धुवा. हे न करता नवं बोअर चालवलं तर हेडला तेल कमी पोचतं आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) आधी जातो.

जोडताना मॅग्नेटची टी खूण आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण एकाच वेळी जुळली पाहिजे. टॅपेट (वॉल्व्हची फट) थंड इंजिनवर ०.०५ मिमी.

टाकी_कार्ब:
इंजिन लेथवर असेपर्यंत टाकी करा. कॉक आणि झाकण काढा, कॉकचं भोक पत्रा आणि रबराने बंद करा. लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा, एक दिवस ठेवा. काठोकाठ यासाठी, की वरची बाजू कोरडी राहिली तर तिथला गंज तसाच राहतो. मूठभर छोटे नट आत टाकून हलवलं तर पापुद्रे सुटतात, नट मोजून टाका आणि मोजून काढा. ओतल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच ब्लोअरने वाळवा, आणि त्याच तासात पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल घालून आतून फिरवा. उशीर केला तर संध्याकाळपर्यंत आत तांबूस गंज परत येतो. तळाला सुई जाईल असं भोक निघालं तर ते बुजवायला डाग देण्याआधी टाकी पाण्याने भरून घ्या. पेट्रोलची वाफ राहिलेल्या टाकीला ज्योत लावणं जिवावर बेततं.

कार्बोरेटरचा पायलट जेट (पेट्रोलचं बारीक भोक असलेला भाग) तारेने टोकरू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब, फार तर वायरमधला तांब्याचा एक धागा. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगतात, म्हणून पाइप, फ्लोटची सुई आणि सगळे ओ-रिंग एकदाच नवे घाला. रेस सोडल्यावर इंजिन चढंच राहत असेल तर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या) ओ-रिंगमधून हवा ओढतंय.

करंट येत नसेल तर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायच्या आधी त्यातली काळी-पांढरी वायर सोडून किक मारा. ती स्विचमधून करंट बंद करणारी वायर असते. सोडल्यावर ठिणगी आली तर दोष चावीच्या स्विचचा. बल्ब घेताना जुन्यावरचे व्होल्ट वाचा, सहा की बारा.

बोअर_पन्नास:
रंगकाम एवढ्यात नको. डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून तेलाची पातळी बघा. पहिलं तेल १५-२० मिनिटं चालवून गरम असतानाच काढा, दुसरं ३०० किलोमीटरला. तेव्हाच टॅपेट पुन्हा मोजा, नव्या पॅकिंगवर हेड बसल्यावर फट बदलते.