घरी शिवलेले पडदे : तुमचे अनुभव लिहा

वडगावची_लेक
गणपतीच्या आधीची साफसफाई काढली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आईनं शिवलेला पडदा सापडला. पिवळा, लाल काठाचा. बेळगावच्या वडगावात आमची खोली दहा बाय दहाची, भिंतीपलीकडं विणकरांचे माग चालायचे, एकुलती खिडकी बोळाकडं. सकाळी तासभर काय ते ऊन. आईनं विरलेली सुती साडी घेतली, फाटका पदर काढून टाकला आणि साडी आडवी धरली. पन्हा, म्हणजे साडीची रुंदी, झाली पडद्याची उंची आणि काठ आला खाली. काठ जड असतो, पडदा आपसूक सरळ पडतो, खाली दुमडायचं कामच नाही. वर फक्त दांडी ओवायला अडीच इंचाचा नेफा. मशीन नव्हतं, सगळं हातानं. मघाशी टाके बघत बसले. लाल दोरा मध्येच संपलाय, पुढची वीतभर शिवण पांढऱ्या दोऱ्याची आहे. त्या तासाभरात समोरची भिंतसुद्धा पिवळी दिसायची, मी तिथंच बसून पाढे लिहायची. तुम्ही शिवलेत का कुणी?

निपाणकर_वैनी
शिवले की! आमच्या गल्लीत तंबाखूची वखार. सीझनला कापडात तो वास असा बसायचा की आठ दिवसाला पडदे धुवायला लागायचे. म्हणून पातळ वॉइल घेतलं, बादलीत सहज मावतं.

खानापूर_९१
सुती आमच्याकडं नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वाळतच नाही, काठाला बुरशीचे काळे ठिपके. एक जोडी टाकूनच दिली. आता पावसाळ्यात पॉलिस्टर आणि दिवाळीनंतर सुती. आत्ताही पाऊस नुसता कोसळूलालाय, लाईट जायच्या आत लिहिते.

अनगोळ_नवी
खिडकी चार फूट रुंद आहे. कापड किती घ्यायचं ताई?

वडगावची_लेक
रुंदीच्या दुप्पट घे गं, तरच चुण्या दिसतात. म्हणजे आठ फूट, अडीच मीटरच्या आसपास. साडेपाच मीटरच्या साडीत अशा दोन खिडक्या होतात. पन्हा ४५ इंच असेल तर नेफा आणि आतली दुमड जाऊन ४२ उरतात. खिडकी आधी माप.

शहापूरकर
वडगावात कुठं? आमची आत्या मंगाई देवळाच्या मागं राहायची.

टिळकवाडी_माई
आणि कापड आधी धुवा बायांनो. मी कोरंच कापलं, पहिल्या धुण्यात दोन इंच आटलं. खिडकीखाली फट. त्या दिवशी रडूच आलं, तीन दुपारी घालवल्या होत्या मी. मग गुळेदगुड्डचा एक खण पडून होता, त्याची पट्टी खाली जोडली. आता येणारा प्रत्येक जण त्या पट्टीबद्दलच विचारतो.

निपाणकर_वैनी
अगं माई, तीन दुपारी! पण खणाची पट्टी छानच. फोटो टाका.

वडगावची_लेक
@शहापूरकर, देवळापासून दोन गल्ल्या सोडून. आषाढात जत्रेला घर पाहुण्यांनी भरायचं, तेव्हा हाच पडदा काढून मध्ये दोरीवर टाकायचे, बायकांना कपडे बदलायला.

शहापूरकर
अगदी! आत्याकडं चादर असायची. आणि माग बंद झाले की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. आत्या गेली, घरही विकलं. माग चालूलालेत का अजून तिकडं?

वडगावची_लेक
चालतात, पण आमच्या भिंतीपलीकडचे नाही.

कॅम्पातला_दादा
खोली अंधारी असेल तर दांडी चौकटीच्या चार-सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर ठोका. पडदा सरकवला की भिंतीवर जातो, काच पूर्ण मोकळी राहते. आमच्या खोलीत यानंच फरक पडला. दांडीऐवजी पडद्याची स्प्रिंग वापरत असाल तर दर वर्षी बदला, मध्ये झोळ येतो.

अनगोळ_नवी
मापली. उंची ४० इंच! सासूबाईंनी त्यांची अबोली साडी काढून दिलीय. वापरायला जीव होत नाही.

टिळकवाडी_माई
त्यांनी स्वतः दिलीय ना? मग काप. पदर तेवढा बाजूला ठेव, उशीचा अभ्रा होईल.

खानापूर_९१
लाईट गेली. फोटो उद्या बघते.