मलाक्कातील सेंट झेवियर यांची रिकामी कबर

प्रश्न (फोंडा): जुन्या गोव्यातील बॉम जेझस चर्चमध्ये ज्यांचे शव आहे, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांना आधी मलाक्कात पुरले होते, असे आई नेहमी सांगते. तिला मलेशियाला नेत आहे. तेथे काय पाहावे?

उत्तर (म्हापसा): मलाक्कातील टेकडीवरचे सेंट पॉल्स चर्च अवश्य पाहा. १५२१ च्या या वास्तूला आता छप्पर नाही, पण १५५३ मध्ये शव जेथे काही महिने होते, ती रिकामी कबर जाळीखाली आहे आणि भिंतींना टेकवलेल्या डच थडग्यांच्या उंच शिळांवरून हात फिरवावासा वाटतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून आईंना सकाळीच न्या.

उत्तर (मडगाव): सेंट पॉल्सबाहेरच्या झेवियर यांच्या पुतळ्याला उजवा हात नाही, शवाचाही उजवा हात १६१४ मध्ये रोमला नेला होता. मिस्सासाठी (चर्चमधील प्रार्थनेसाठी) मात्र १७१० चे सेंट पीटर्स चर्च गाठा.