जोडप्यासाठी समुपदेशक हवाय: मराठी समजणारा, पण आपल्यातला नको

प्रेषक: ग्रंथालयाची ताई

नमस्कार. आपल्या वडोदऱ्याच्या मराठी मंडळातल्याच एका घरासाठी विचारतेय. नवरा-बायको दोघंही जायला तयार आहेत, हे आधीच सांगते, कारण मागच्या वेळी निम्मी चर्चा त्यावरच गेली होती.

अडचण एकच. तिचं माहेर महाराष्ट्रातलं. गुजराती तिला समजतं, दुकानात बोलतेही, पण मनातलं बोलायचं तर मराठीच लागतं. आणि वडोदऱ्यात मराठी बोलणारे जे काउन्सेलर मला माहीत आहेत, ते एक तर गणपतीत आपल्याच मांडवात असतात, नाही तर त्यांच्या सासूबाई आपल्या भजनात. त्यांच्यासमोर ही दोघं तोंड उघडणार नाहीत.

अलकापुरी, कारेलीबाग, मांजलपूर, कुठेही चालेल. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. कोण आहेत ते विचारू नका.

प्रेषक: वधू-वर विभाग

ताई, बाहेर शोधायची गरजच काय? कौटुंबिक सल्ला हे काम आपल्या विभागाकडे पहिल्यापासून आहे. दोन्हीकडच्या मोठ्यांना समोरासमोर बसवून किती घरं सावरली, ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे. त्यांना मला फोन करायला सांगा. अशी विचारणा आधी विभागाकडे यायला हवी, ग्रंथालयाकडून थेट सगळ्यांना नको.

प्रेषक: दांडिया बाजारचे आप्पा

वधू-वर विभागाशी सहमत. आमच्या वाड्यात भांडण झालं की रात्री जेवणं झाल्यावर आजोबा दोघांनाही बोलवायचे. पण एक गोष्ट नव्या लोकांना माहीत असावी. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशभरासाठी तशी सोय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने झाली. म्हणजे नवरा-बायकोचं पटत नाही हे उघड बोलायची लाज या गावाला तेव्हाही नव्हती.

प्रेषक: वाघोडिया रोडची वहिनी

आप्पा, आजोबा दोघांना बोलवायचे हे खरं, पण त्या बैठकीत सून किती बोलायची? माझ्या सासूबाई सांगतात, त्या अशा बैठकीत मान खाली घालून ‘चुकलं’ म्हणायच्या आणि उठायच्या. घर टिकलं, पण त्यांना काय वाटत होतं ते आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

ताई, हे शिफ्टवाल्यांचं घर आहे का? तसं असेल तर रविवारचाही भरवसा नाही.

प्रेषक: ग्रंथालयाची ताई

वहिनी, कृपा करून अंदाज बांधू नका. म्हणून तर आपल्यातला नको म्हणाले.

प्रेषक: डॉक्टरकाका

कुणाकडे जायचं, याचा इथे नेहमी गोंधळ होतो, म्हणून लिहितो.

सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एम.डी. किंवा तत्सम शिक्षण झालेला डॉक्टर. औषध तो देतो. दोघांपैकी एकाला झोप नाही, सतत उदास वाटतंय, दारू वाढली आहे, असं असेल तर आधी तिकडे. सयाजी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. तिथे जायला लाजू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता बोलून उपचार करणारा मानसतज्ज्ञ, हा भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदलेला असतो. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी आली. नोंदणी क्रमांक मागा, खरा असेल तर माणूस आनंदाने देतो. बाकी ‘काउन्सेलर’ ही पाटी आज चार आठवड्यांचा कोर्स केलेलाही लावतो. त्यात चांगलेही आहेत, पण जोडप्यांबरोबर काम करायचं शिक्षण वेगळं असतं. एकेकट्याशी उत्तम बोलणारा माणूस दोघं समोर बसल्यावर न्यायाधीश होऊन बसतो, हे मी पाहिलं आहे. तेव्हा फोनवरच विचारायचं: जोडप्यांचं काम किती करता, कुणाच्या हाताखाली शिकलात, कोणती पद्धत वापरता. १९८० च्या दशकात सू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी मांडलेली भावनांवर भर देणारी पद्धत आहे, गॉटमन यांची आहे. पद्धत कुठलीही असो, उत्तर नीट आलं पाहिजे.

प्रेषक: वधू-वर विभाग

डॉक्टरकाका, आमच्याकडे पदवी नाही, पण अनुभव आहे. तो मोजायचा नाही का?

प्रेषक: डॉक्टरकाका

मोजायचा. लग्न जमवताना तुमच्यासारखा सल्ला देणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. पण तुम्ही दोन्ही घरांना ओळखता, हीच इथे अडचण आहे. तुमच्याशी बोललेलं आपल्या आईच्या कानावर जाईल का, ही धास्ती मनात असली की माणूस खरं सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या २३ व्या कलमात गुप्ततेचा हक्क दिलेला आहे, तो या व्यवसायातल्या लोकांना बांधतो. आपल्या बैठकीतल्या मोठ्यांना काहीच बांधत नाही.

प्रेषक: अनिवासी सभासद (माहेर रावपुरा)

ऑनलाइन का नाही? पुण्या-मुंबईतले मराठी थेरपिस्ट व्हिडिओवर घेतात, मांडवात भेटण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने सगळी सेशन्स तशीच केली.

प्रेषक: मांजलपूरचा भाऊ

ऑनलाइनला बसायचं कुठे? दोन खोल्यांत सासू-सासरे, मुलं, टीव्ही. माझा मित्र आणि त्याची बायको कमाटीबागेबाहेर गाडी लावून मोबाईल डॅशबोर्डवर ठेवून बसायचे. तिला रडू यायचं आणि बाहेरून लोक काचेत बघायचे. त्यांनी ते सोडलं. घराबाहेरची, दार बंद होणारी खोली हवी.

प्रेषक: सचिव

खोलीचा प्रश्न असेल तर मंडळाचं कार्यालय रविवारी दुपारी मोकळं असतं. ठराव करून वापरता येईल. किल्ली कार्यालयाच्या वेळेत घ्यावी, वहीत सही करावी.

प्रेषक: मांजलपूरचा भाऊ

सचिवसाहेब, वहीत सही केली की आठवड्यात सगळ्यांना कळेल. खाली पहारेकरी बसतो, तो प्रत्येकाला ओळखतो.

प्रेषक: सचिव

वही ही घटनेप्रमाणे आवश्यक आहे. मागच्या कोजागिरीला स्पीकर हरवला तेव्हापासून हा नियम आहे. त्यात सवलत देता येणार नाही.

प्रेषक: वकील ताई

किल्लीचं नंतर बघा. कुणी विचारलं नाही म्हणून विचारते: घरात हात उचलणं, धमकी, पैसे अडवून ठेवणं असलं काही आहे का? ग्रंथालयाच्या ताईंनी मला इथे उत्तर द्यायची गरज नाही, पण तिला एकटीला गाठून विचारा. असेल तर दोघांना एकत्र बसवायचं नाही. सेशनमध्ये ती जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर तिला मोजावी लागते. तेव्हा १८१ अभयम् ही गुजरातची महिला हेल्पलाइन, किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी. चांगला थेरपिस्ट सुरुवातीला दोघांना वेगवेगळं भेटून हेच तपासतो. जो तपासत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

‘कोर्टात फुकट काउन्सेलर मिळतो’ असंही मला कुणीतरी फोनवर सांगितलं. मिळतो, पण दावा दाखल झाल्यावर. १९८४ च्या कायद्याप्रमाणे कौटुंबिक न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. ते काम वेगळं आहे. ज्यांना एकत्र राहायचंय त्यांनी त्यासाठी दावा लावायचा नसतो.

प्रेषक: वाघोडिया रोडची वहिनी

वकील ताई, हे बरं झालं लिहिलंत.

भाषेचं मला सांगायचंय. माझी बहीण आणि मेहुणे एका गुजराती थेरपिस्टकडे गेले. बाई हुशार होत्या, हिंदीतही बोलायच्या. पण मेहुणे इथेच शिकलेले, गुजरातीत विनोद करायचे, त्या हसायच्या, आणि बहिणीला वाटायचं, खोलीत ते दोघं आणि मी एकटी. तिने ते तिसऱ्या भेटीत बोलून दाखवलं. मग त्यांनी नियम केला की तिघंही हिंदीतच बोलतील, आणि बहिणीला मराठीत बोलावंसं वाटलं तर तिने बोलावं, मेहुण्यांनी अर्थ सांगावा. बायको काय म्हणतेय हे नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं! त्यातच त्यांचं बरंचसं सुटलं. तेव्हा मराठीचा हट्ट धरा, पण त्यापायी थांबून राहू नका.

प्रेषक: दांडिया बाजारचे आप्पा

वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या वाड्यातही सुना कमीच बोलायच्या, हे खरं आहे.

प्रेषक: ग्रंथालयाची ताई

सगळ्यांचे आभार. तिच्याशी एकटीशी बोलले. वकील ताईंनी विचारलं तसं काही नाही. घरात बोलणंच बंद झालंय, मुलासमोर फक्त डब्याचं आणि फीचं बोलतात.

थेरपिस्ट मराठी असेल तर सुरतेचा किंवा अहमदाबादचाही चालेल, पहिली भेट प्रत्यक्ष आणि पुढची ऑनलाइन, असं त्यांचं ठरतंय. ऑनलाइनसाठी गाडी नको. कुणाकडे आठवड्यातून तासभर बंद खोली आणि चांगलं वायफाय असेल, आणि त्या वेळात घरचे बाहेर जाऊ शकत असतील, तर मला कळवा. युनिव्हर्सिटीच्या मानसशास्त्र विभागात आणि मानव विकास विभागात शिकवलेलं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना बाहेरगावच्या मराठी थेरपिस्टची नावं विचारा, ती माणसं कोण बरं आणि कोण नाही ते जाणतात. तोवर तिला रात्री फार जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ दिलाय. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

नावं फक्त माझ्या मेलवर पाठवा. ‘सर्वांना उत्तर’ दाबू नका.

प्रेषक: डॉक्टरकाका

सुरतेचं एक नाव तुम्हाला वेगळं पाठवलंय. नोंदणी मी स्वतः तपासली आहे. संध्याकाळी आठनंतर फोन उचलतात.

प्रेषक: वधू-वर विभाग

आमच्या घरची वरची खोली गुरुवारी मोकळी असते. जिना बाहेरून आहे. आम्ही दोघं त्या वेळी मंदिरात असतो, कोण आलं ते विचारणार नाही. किल्ली ताईंकडे देऊन ठेवते.