अनुदान देणाऱ्या संस्थेबद्दलची तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

प्रश्न : गोवंडीची कार्यकर्ती

नमस्कार. आमची लहानशी संस्था गोवंडीत मुलांसाठी अभ्यासिका चालवते. मुंबईतील एका धर्मादाय संस्थेने आम्हांला तीन हप्त्यांत अनुदान मंजूर केले. पहिला हप्ता वेळेवर मिळाला. परंतु दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) देऊन पाच महिने होत आले, तरी पैसे आलेले नाहीत. कार्यक्रम अधिकारी दर वेळी नव्या नमुन्यात तक्ता मागवतात, आणि आधीच्या तक्त्यात काय चुकले असे विचारले की "वरून आले आहे" एवढेच फोनवर सांगतात. दोन शिक्षिकांचे मानधन थकले आहे. त्यांतल्या एकीने मागच्या आठवड्यात खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि "ताई, घरी आता काय सांगू?" असे विचारले. अनुदान देणाऱ्या संस्थेने तक्रारींसाठी ई-मेल पत्ता दिलेला आहे, पण ती तक्रार याच अधिकाऱ्यांच्या हाती पडली तर पुढच्या वर्षीचे दार आपणच लावून घेतल्यासारखे होईल. तक्रार करावी का, आणि कोणाकडे?

उत्तर : अनुदान विभागातील माजी कर्मचारी

मी अशाच एका संस्थेत अनुदानाचे अर्ज पाहत असे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचे सांगतो. आमच्याकडे तक्रारींची नोंदवही होती. तारीख, तक्रार कशी आली, कोणाकडे दिली, उत्तर कधी गेले, आणि शेवटचा रकाना 'काय बदल केला' असा होता. तो शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोराच असे. वर्षअखेरीस अभिप्रायाचे अर्ज पाठवले की सगळ्यांवर 'उत्तम' अशी खूण होऊन परत येत, आणि ते साहजिकच होते, कारण अर्जाच्या पहिल्याच ओळीत संस्थेचे नाव लिहायचे होते आणि तो अर्ज उघडणारा माणूसच पुढचे अनुदान सुचवणारा होता. माझ्या मते तक्रार व्यवस्थेची खरी परीक्षा इथेच होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याच्या हातात ती पडता कामा नये.

म्हणून आधी त्यांच्याकडे लेखी विचारणा करा की तक्रारी कोण पाहतो, किती दिवसांत उत्तर मिळते, आणि त्या उत्तराने समाधान झाले नाही तर पुढे विश्वस्तांकडे जाता येते का. मग तक्रार कार्यपद्धतीपुरती ठेवा. "अर्ज नामंजूर का केला" हा निर्णयाबद्दलचा वाद असतो आणि त्यात संस्थेला बरीच मोकळीक असते. "मंजूर झालेला हप्ता कारण न देता रोखला" ही मात्र करारातील अटींची बाब आहे. अधिकाऱ्यांच्या स्वभावाबद्दल एक शब्दही लिहू नका.

उत्तर : जुना हिशेबनीस

वरील सल्ला योग्य आहे. त्यात कायद्याची बाजू जोडतो, कारण अनेक जण थेट वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे धाव घेतात. ती संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे की कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी आहे, हे आधी पाहा. दुसऱ्या प्रकारात हे कार्यालय उपयोगाचे नाही. पहिल्या प्रकारातील न्यास, म्हणजे विश्वस्तव्यवस्था, असेल तर त्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली तपासणीचे आणि कलम ४१अ खाली विश्वस्तांना निर्देश देण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. परंतु ते न्यासाचा कारभार आणि मालमत्ता यांसाठी आहेत. हप्ता उशिरा आला म्हणून तिथे गेलात तर प्रकरण लांबेल आणि संबंधही तुटतील. पैशांचा अपहार किंवा लाच मागितल्याचा पुरावा असेल, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. तो निधी परदेशी असेल, तर परदेशी अंशदान नियमन कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी अंशदान, म्हणजे परदेशातून आलेली देणगी, दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास मनाई आहे. आपला निधी कोणत्या खात्यातून येतो, हेही पत्रात विचारा. कदाचित विलंबाचे खरे कारण तिथेच असेल आणि ते सांगायला कोणी पुढे येत नसेल.

उत्तर : धारावीतील वस्ती कार्यकर्ता

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आम्ही ई-मेलऐवजी छापील पत्र घेऊन गेलो, आवक क्रमांक घातलेली पोच घेतली आणि दुसरी प्रत अध्यक्षांच्या नावे दिली. बाराव्या दिवशी बैठकीला बोलावले. कागदावर शिक्का बसला की तो कोणाच्या तरी टेबलावर असल्याची नोंद होते. मात्र तुमच्या अभ्यासिकेतील पालकांना तुमच्याबद्दल काही सांगायचे असेल तर ते कोणाकडे जातात, हेही एकदा तपासून घ्या. आम्हांला बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारला गेला आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज करारपत्र पुन्हा वाचले. दुसरा हप्ता प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत देण्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि इतके दिवस ते माझ्या लक्षात आले नव्हते. सोमवारी पत्र घेऊन स्वतः जाते. प्रमाणपत्र दिल्याची तारीख आणि मागवलेल्या तिन्ही तक्त्यांच्या तारखा त्यात घालते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशांच्या छापील प्रती जोडल्या तर चालतील का, तेवढे सांगावे. पालकांसाठी अभ्यासिकेच्या दाराशी तक्रारपेटी लावणार आहे. तिची किल्ली मात्र मी ठेवणार नाही. पालकांपैकीच एकीकडे देणार आहे.

उत्तर : जुना हिशेबनीस

चालतील. प्रत्येक प्रतीवर तारीख आणि वेळ दिसेल असे पाहा, आणि मूळ संदेश फोनमधून काढून टाकू नका.