झाडकामाला रोजच्या वापराची चेनसॉ कोणती घ्यावी?

गुलमोहर_कोथरूड:
मंडळी, कोथरूड-कर्वेनगर भागात सोसायट्यांची झाडं छाटायची कामं घेतो. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी सोसायटीवाले काढतात, कटाई आमच्याकडे. आतापर्यंत भाड्याच्या मशीनवर भागवलं, पण मे महिन्यात सगळ्यांनाच पावसाआधी फांद्या काढून हव्या असतात आणि नेमकी तेव्हाच चांगली मशीन मिळत नाही. आता स्वतःची घ्यायचीय. गुलमोहर, रेनट्री, सुबाभूळ जास्त, अधूनमधून पडलेल्या झाडाचा बुंधा. दुकानदार म्हणतो ७२ सीसीची घ्या, सगळं कापते. रोज हे काम करणाऱ्यांनी सांगा, तुमची आवडती कोणती आणि का?

दोरवाला:
भाऊ, पहिलीच मशीन ७२ सीसीची नको. स्टिल कंपनीची ३८२ नंबरची घेतलीस तर ६.२ किलो, तेही पट्टी (जिच्यावर चेन फिरते ती) आणि चेन सोडून, आणि दिवसभर फांद्याच काढायच्या तर दुपारपर्यंत खांदे भरून येतात, मग हात थरथरायला लागला की काप वाकडा जातो. माझी आवडती त्याच कंपनीची २६१. ५० सीसी, ३ किलोवॅट, ४.९ किलो. २५० मध्ये ४.६ किलोला २.३ किलोवॅट मिळतात, म्हणजे पाव किलोच्या आसपास जास्त उचललं की ताकदीत केवढा फरक पडतो बघ. हादरेही कमी बसतात.
झाडावर चढून कापायला मात्र वरच्या मुठीची छोटी वेगळीच हवी, २०१ सारखी, ३५ सीसीची. ती हलकी म्हणून पोरं एका हाताने चालवतात, तसं अजिबात करू नका! पट्टीच्या टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला की मशीन उसळून सरळ तोंडाकडे येते. दोन्ही हात मुठीवर आणि आधी हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) पक्का.

हडपसरकर:
दोरवाला दादांचं २६१ बद्दल पटतं, पण किंमत बघा. नवीन धंद्याला मी २५० च सांगेन, स्पेअर कुठेही मिळतात आणि गावाकडचा मिस्त्रीसुद्धा खोलतो. हुस्कवार्ना कंपनीचीही चांगली, फक्त घराजवळ सर्व्हिस कोण देतं ते आधी विचारून ठेवा, सीझनमध्ये मशीन आठवडाभर दुकानात पडली तर भाडं परत सुरूच.
पेट्रोलकडे लक्ष द्या. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीत महिनोन्महिने ठेवू नका, कार्ब्युरेटर बिघडतो. कंपनीचं टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं) पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली मिसळा.

कानस_घेऊन:
सगळे सीसीवर बोलताय, चेनचं कोणीच नाही. सोसायटीच्या झाडांत खिळे, बोर्डाच्या तारा, लाइटिंगचे हुक निघतात, एक खिळा लागला की २६१ काय आणि ३८२ काय, लाकूड कापलंच जात नाही, नुसता धूर. भुशाऐवजी बारीक पीठ पडायला लागलं की थांबा आणि कानस मारा. पॉइंट ३२५ पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेनला ४.८ मिमीची गोल कानस, छोट्या मशीनच्या थ्री-एट लो प्रोफाइल (३/८ इंची, कमी उंचीच्या) चेनला ४ मिमी. एक जादा चेन खिशात ठेवाच.

गुलमोहर_कोथरूड:
धन्यवाद सगळ्यांना. २५० ठरली, २६१ पुढच्या वर्षी. पट्टी १६ इंची की १८?

दोरवाला:
१६ घे. जाड बुंध्याला दोन्ही बाजूंनी काप घेता येतो, आणि फांद्यांत आखूड पट्टीचं टोक नजरेत राहतं.