मदत हवी आहे: गावच्या घरी बाहेर लावायला स्पीकर (शुक्रवारपर्यंत!)

वाडीचा_रस्ता (सोमवार, रात्री १०:५२)
गावच्या घरी बाहेर लावायला दोन स्पीकर घ्यायचे आहेत. शनिवारी पहाटे निघतोय, त्यामुळे शुक्रवारी हातात हवेत. ऑनलाइन बघितलं तर दोन हजारांपासून साठ हजारांपर्यंत काहीही आहे आणि सगळ्यांवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं आहे. आवाज चांगला हवा, पावसात टिकायला हवेत, उगाच महाग नकोत. ज्यांनी स्वतः वापरलेत त्यांनी थेट मॉडेल सांगा. शोधाशोध करून झाली आहे, म्हणूनच इथे विचारतोय.

शनिपार (सोमवार, रात्री ११:१०)
गाव कुठलं? देशावर की कोकणात? छपराखाली लावणार की उघड्यावर? जागा किती मोठी? बजेट? यातलं काहीच नसताना मॉडेल कसं सांगणार?

मु_पो_डोंबिवली (सोमवार, रात्री ११:२४)
वायरींच्या भानगडीत पडूच नका. चाकंवाला ब्लूटूथ ट्रॉली स्पीकर घ्या. आत बॅटरी असते, लाइट गेली तरी तीन-चार तास वाजतो, सोबत माईक मिळतो. आमच्या सोसायटीत गणपती, गरबा, झेंडावंदन सगळं त्याच्यावरच होतं. काम झालं की ढकलत आत न्यायचा, पावसाचा प्रश्नच मिटला.

वाडीचा_रस्ता (मंगळवार, सकाळी ७:०५)
ट्रॉली नको, कायमचे बसवायचे आहेत. गाव गुहागर. स्पीकर पडवीच्या बाहेरच्या बाजूला. बजेट अँप (अँप्लिफायर) सोडून पंधरा हजार. आता सांगा.

तारयंत्र (मंगळवार, सकाळी ८:३०)
'अँप सोडून' म्हणजे अँप आहे का? असेल तर त्याच्या मागच्या बाजूला स्पीकरच्या टर्मिनलपाशी काय छापलंय ते लिहा. अँप ते स्पीकर वायर किती मीटर जाणार? आणि समुद्र किती लांब?

वाडीचा_रस्ता (मंगळवार, सकाळी ९:४८)
अँप आहेच, नाहीतर नुसते स्पीकर कशाला मागितले असते? बाबांचा जुना स्टिरिओ अँप आहे, दणकट. मागे '८ ओहम' लिहिलंय. वायर पंचवीस मीटर धरा. समुद्र वाडीच्या पलीकडेच. गुहागरात पुढे रस्ता, मग घर, मागीलदारी वाडी आणि वाडी संपली की पुळण, हे माहीतच असेल.

सुरंगी (मंगळवार, सकाळी १०:१५)
आमचं घर वेळणेश्वरला, त्यामुळे हे मी रोज बघते. तुमचा खरा शत्रू पाऊस नाही, खारा वारा आहे. पाऊस पागोळ्यांच्या आत फारसा येत नाही, मीठ मात्र सगळीकडे पोचतं. आमच्या स्पीकरवर आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून बचावाचा आकडा) लिहिलेलं होतं आणि पाण्याचा थेंबही आत गेला नाही. पण पुढची जाळी लोखंडाची होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिला फोड आले आणि गंजाचे ओघळ भिंतीवर उतरले. ब्रॅकेटचे स्क्रू तर आधीच गेले होते.

तेव्हा घेताना लोहचुंबक घेऊन जा. जाळीला चिकटला की तो स्पीकर नको. जाळी अ‍ॅल्युमिनियमची हवी, वर पावडर कोटिंग. स्क्रू आणि ब्रॅकेटचे बोल्ट वेगळे विकत घ्या, ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. दुकानदार ३०४ देतो आणि 'स्टेनलेसच आहे' म्हणतो, पण समुद्राकाठी ३०४ वर तांबूस ठिपके येतातच.

दुसरं, कुंभारमाशी. स्पीकरच्या मागे हवेसाठी जे गोल भोक असतं त्यात ती मातीचं घर करते. आमच्या उजव्या स्पीकरचा आवाज बसका व्हायला लागला म्हणून खाली उतरवून बघितला, तर भोक काठापर्यंत मातीने लिंपलेलं, आत तिने आणून ठेवलेल्या अळ्या. भोक नसलेला बंद बॉक्स मिळाला तर उत्तम. नाहीतर भोकावर बारीक नायलॉनची जाळी चिकटवा.

शनिपार (मंगळवार, सकाळी १०:४०)
आयपी ६५ कशाला, सरळ ६७ घ्या. आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

तारयंत्र (मंगळवार, दुपारी १२:०२)
@शनिपार, तसं नसतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याची धार सोसतो, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. ७ मिळाला म्हणून धारेची चाचणी पास झाली असं नाही, ती वेगळी असते. भिंतीवरचा स्पीकर पाण्यात बुडणार नाही, त्याला तिरका पाऊस लागणार. ५ किंवा ६ बघा. आणि सुरंगीताई म्हणतात ते बरोबर, ही चाचणी साध्या पाण्याने होते. मिठाने गंजेल की नाही हे त्या आकड्यात येतच नाही.

आतला कोन (आवाजासाठी हलणारा शंकूसारखा पडदा) कागदी नको, बुरशी धरतो. पॉलिप्रॉपिलीनचा बघा. कोनच्या कडेची गोल पट्टी रबराची हवी. फोमची असेल तर दमट हवेत भुगा होतो.

मिसिसॉगाकर (मंगळवार, दुपारी १२:३५)
आमच्या डेकवर मी चार छोटे सॅटेलाइट स्पीकर फुलझाडांच्या वाफ्यात खुंट्यांवर लावलेत आणि एक सबवूफर जमिनीत पुरलाय, वर फक्त छत्रीसारखं तोंड दिसतं. दगडासारखे दिसणारे स्पीकरही मिळतात. इथे उणे वीसमध्येही टिकलेत. भिंतीवर लावले की आवाज शेजारी जातो. बागेत जमिनीलगत लावले की आपल्यापुरता राहतो. वाडीत दगडी स्पीकर लावून बघाच.

सुरंगी (मंगळवार, दुपारी १:१०)
नारळी-पोफळीच्या वाडीत रोज शिंपण असतं. आळ्यांतून पाणी फिरतं, घुशी जमीन पोखरतात, वर नारळ आणि झापा पडतात. पाव किलोचा नारळ नसतो तो! तिथे जमिनीत काही पुरू नका. आणि वांदर. लोंबणारी वायर दिसली की ओढणारच. वायर पाइपातून न्या आणि पाइप भिंतीला क्लिपांनी घट्ट आवळा.

बॉक्सवाला_सातारा (मंगळवार, दुपारी ३:२०)
मंडप आणि मंदिरांची कामं करतो म्हणून सांगतो. बाहेरच्या कामाला आठ ओहमचं घरगुती सामान चालत नाही. १०० व्होल्ट लाइन करा, म्हणजे अँप जास्त व्होल्टेजवर आवाज पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. अहुजाचा ६० वॅटचा मिक्सर अँप घ्या, १०० व्होल्टचे वॉल स्पीकर घ्या, प्रत्येक स्पीकरचा टॅप (किती वॅट घ्यायचे ते ठरवणारं कनेक्शन) १० वॅटवर ठेवा. एकाच वायरीवर चार स्पीकर आरामात. वायर शंभर मीटर नेलीत तरी चालते. आज दोन म्हणताय, उद्या ओटीवर हवा, खळ्यात हवा असं होतंच. आठ ओहमचे चार समांतर जोडले की दोन ओहम होतात, जुना अँप तापून जाईल.

तारयंत्र (मंगळवार, दुपारी ४:०५)
त्यांना दोनच हवेत आणि अँप घरात आहे. पंचवीस मीटरसाठी १०० व्होल्ट कशाला? हिशोब करा. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण १२ ओहम. पंचवीस मीटर जाऊन-येऊन पन्नास, म्हणजे ०.६ ओहम. अडीच एमएम घेतली तर ०.३७. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही, कानाला फरक कळणार नाही. उलट तुमच्या लाइनचे स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचा आवाज खातात. तबल्याचा डग्गा ऐकू येणार नाही.

बॉक्सवाला_सातारा (मंगळवार, दुपारी ४:३०)
चांगला ट्रान्सफॉर्मर खात नाही. स्वस्तातलं घेऊन लाइनला नावं ठेवू नका. देवळात माझे स्पीकर वर्षानुवर्षं वाजतायत.

तारयंत्र (मंगळवार, दुपारी ४:४४)
देवळात बोललेलं समजलं की पुरतं. इथे गाणं ऐकायचंय. शिवाय पूर्ण जोरात असताना त्या लाइनवर १०० व्होल्ट असतात. घरगुती स्पीकरची पातळ वायर उघडी टाकून चालत नाही, हेही त्यांना सांगा. आणि साधा आठ ओहमचा स्पीकर चुकून त्या टर्मिनलला लावला तर अँप ओव्हरलोड होतो आणि स्पीकरही जळू शकतो.

कर्णफूल (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)
आवाजाचा नियमही बघा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या स्पीकरचा आवाज कुंपणापाशी या मर्यादेच्या ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. आमच्या शेजाऱ्यांच्या बागेतल्या स्पीकरमुळे माझ्या आईची झोप गेली आहे, म्हणून कळकळीने लिहितेय.

वाडीचा_रस्ता (मंगळवार, रात्री ९:२०)
शेजारचं घर बंद असतं, फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडतं. आणि मोठ्याने वाजवायचंच नाहीये. बाबा एकटे असतात. संध्याकाळी मागीलदारी झोपाळ्यावर बसतात आणि रेडिओ आत माजघरात. ऐकू यावा म्हणून आवाज वाढवतात, मग घरात कोणी आलं तरी कळत नाही. त्यांना मोबाइल, ब्लूटूथ जमत नाही, बटण फिरवलं की लागलं पाहिजे. तेवढ्यासाठी हे सगळं. आता कृपया मॉडेल सांगा.

तारयंत्र (मंगळवार, रात्री ९:४१)
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. यात सगळंच बदललं. झोपाळा पडवीपासून किती लांब?

वाडीचा_रस्ता (मंगळवार, रात्री ९:५०)
दहा-बारा मीटर. विहिरीच्या अलीकडे, फणसाखाली.

निशिगंध (मंगळवार, रात्री १०:०८)
अवांतर: तुमचे बाबा रत्नागिरी आकाशवाणी ऐकतात का? आमच्याकडे आजोबा हवामान आणि बातम्या लागल्याशिवाय जेवायला बसत नसत. लहानपणी सुट्टीत गेलो की दुपारी नाट्यसंगीत लागायचं, त्यातली पदं मला अजून पाठ आहेत. रेडिओचं स्टेशन नीट लागत नसेल तर एरियल उंच करा, स्पीकर बदलून काही होणार नाही.

मु_पो_डोंबिवली (मंगळवार, रात्री १०:३०)
गणपतीत भजन असेल तर माईक स्पीकरच्या पुढे नाही, मागे धरायचा. नाहीतर शिट्टी येते. आणि एका वेळी एकच माईक चालू.

वाडीचा_रस्ता (मंगळवार, रात्री १०:३४)
माईकबद्दल मी विचारलेलं नाही.

तारयंत्र (मंगळवार, रात्री ११:१५)
मग नीट ऐका. स्पीकर पडवीवर लावून बारा मीटरवरच्या माणसाला ऐकवायचं म्हणजे तुम्ही पुन्हा माजघरातल्या रेडिओसारखंच करताय. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. दीड मीटरवर ६५ असेल तर तीन मीटरवर ५९, सहावर ५३, बारावर ४७. बारा मीटरवर ६५ हवा असेल तर पडवीपाशी ८३ ठेवावा लागेल. त्यात दारात आलेल्या माणसाची हाक काय ऐकू येणार? म्हणून स्पीकर माणसाजवळ न्या. झोपाळ्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा जरा वर, तोंडं आत वळवून. अँप अगदी कमी आवाजावर चालेल आणि कुंपणापलीकडे काही जाणार नाही.

बंद बॉक्सचे, साडेपाच इंची, आठ ओहमचे, आयपी ६५ किंवा ६६. कंपनी कुठलीही असो, सुरंगीताईंची लोहचुंबकाची कसोटी लावा. मॉडेलचा नंबर देत नाही, कारण गुरुवारी तुमच्या दुकानात ते असेलच असं नाही. अडीच एमएमची तांब्याची दोन-कोर वायर. 'सीसीए' लिहिलेली नको, ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम असते आणि खाऱ्या हवेत टोकाला काळी पडते.

मिसिसॉगाकर (बुधवार, पहाटे ३:१२)
मी हेच म्हणत होतो, भिंतीवर नको, बागेत.

बॉक्सवाला_सातारा (बुधवार, सकाळी ८:०५)
दोनच आणि झोपाळ्यापाशीच असतील तर आठ ओहम ठीक आहे. पण फणसाच्या खोडात स्क्रू मारू नका. खोड वाढतं, ब्रॅकेट वाकतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपचे दोन खांब रोवा. आणि वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की अँपच्या मागची दोन्ही कनेक्शनं काढून ठेवायला सांगा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बाबांना सोपं जावं म्हणून केळी पिना (बनाना प्लग) लावून द्या, ओढली की निघाली.

वाडीचा_रस्ता (बुधवार, सकाळी ९:३०)
खांबांचं पटलं, आमच्याकडे जुने पाइप आहेत. घर चिऱ्याचं आहे, पाइप-क्लिपा भिंतीला ठोकायच्या तर साधा रावळ प्लग चालेल का?

सुरंगी (बुधवार, सकाळी ९:५५)
चिऱ्यात साधा प्लग सैल होतो, जांभा भुसभुशीत असतो. क्लिपांना वजन नसतं, तिथे लांब प्लग पुरेल. चिऱ्याच्या मधोमध भोक पाडा, सांध्यात नको. ड्रिलची ठोकणी बंद ठेवून नुसतं फिरवा, नाहीतर भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं.

वाडीचा_रस्ता (गुरुवार, रात्री ८:४०)
स्पीकर घेतले. पहिल्या दुकानात लोहचुंबक चिकटला, दुसऱ्यात नाही. वायर अडीच एमएम, तीस मीटर. आता वायरीच्या एका कोरवर लाल रेघ आहे, दुसरी साधी. रेघ प्लसला की मायनसला?

तारयंत्र (गुरुवार, रात्री ८:५२)
कुठेही लावा, पण दोन्ही स्पीकरना सारखीच. रेघ प्लसला धरा. एक उलटा लागला तर दोघांचा खालचा आवाज एकमेकांना मारतो आणि गाणं पोकळ वाटतं. खात्री करायची असेल तर खांबावर चढवण्याआधी अँपकडची टोकं मोकळी असताना त्यांना क्षणभर पेन्सिल सेल लावा, सेलचा प्लस रेघेला. दोन्ही कोन बाहेरच्या बाजूला उडी मारायला हवेत. जाळीतून दिसत नसेल तर जाळी काढा, कोनवर बोट हलकेच ठेवूनही कळतं.