मदत हवी आहे: मुगाची मुळं खुंटली, कॉम्प्लेक्समुळे की सुट्या तांब्यामुळे?

नमस्कार मंडळी,

मी मुंबईत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इनऑरगॅनिक केमिस्ट्री. प्रोजेक्टसाठी सॅलिसिलाल्डिहाइडपासून शिफ बेस (धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू, म्हणजेच लिगँड) केला आणि त्याचं कॉपर कॉम्प्लेक्स (लिगँडने बांधलेलं तांबं) बनवलं. जॅक बीनच्या बियांतलं युरिएज, म्हणजे युरियाचा अमोनिया करणारं एन्झाइम, ते छान थोपवतंय. चाचणीत अमोनियामुळे येणारा निळा रंग कॉम्प्लेक्स घातलं की अगदी फिका पडतो.

मला यात रस आहे तो मामामुळे. वसईला त्याची भाजीची वाडी आहे. युरिया टाकला आणि पाऊस लांबला की मातीतलं युरिएज त्याचा अमोनिया करतं आणि खत हवेत उडून जातं. युरिएज थोडे दिवस थोपवलं तर ते खत वाचेल.

पण ते झाडाला सोसायला हवं. म्हणून पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर मूग लावले. चौथ्या दिवशी नुसत्या पाण्यातली मुळं लांब, पांढरीशुभ्र, बारीक लव आलेली. कॉम्प्लेक्समधली आखूड, जाडसर, टोकाला तपकिरी. बोटाने उचलली तर टोक तुटून कागदालाच चिकटून राहिलं. आठवड्याने आलेली पहिली पानं मात्र हिरवीगार.

इथेच मला शंका येते. युरिएजला निकेल लागतं. निकेल न मिळालेल्या सोयाबीनच्या पानांत युरिया साचून टोकं जळतात, हे १९८३ साली दाखवलं गेलंय. रोपातलं युरिएज बंद पडलं असतं तर पानांवर तसंच काही दिसायला हवं होतं, पण माझ्याकडे पानं ठीक आहेत आणि मार मुळांना बसलाय. जास्तीचं तांबं मुळांवरच आधी दिसतं. म्हणजे कॉम्प्लेक्स पाण्यात सुटतंय आणि मोकळं कॉपर मुळांना लागतंय का? सरांच्या मते 'कॉम्प्लेक्स विषारी' एवढं लिहून पुढे जावं, पण मला ते पटत नाही.

चूक माझीही आहे. तुलनेसाठी कंट्रोल म्हणून फक्त पाणी ठेवलं होतं, आणि कॉम्प्लेक्स तर डीएमएसओत (एक सेंद्रिय द्रावक) विरघळवलेलं. आता तेवढ्याच कॉपरचं कॉपर सल्फेट, नुसता लिगँड आणि नुसता डीएमएसओ अशा तीन डिश वाढवतेय. एवढ्याने उत्तर मिळेल का? की रोपातला युरियाही मोजायला हवा? आणि चार दिवस पाण्यात ठेवलेलं कॉम्प्लेक्स टिकलंय की नाही, हे नुसत्या यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजून) कळेल का? एवढ्या पातळ द्रावणात कॉपरचा पट्टा दिसतच नाही, लिगँडचा तेवढा दिसतो.

सोमवारी नवे मूग भिजत घालतेय. कुणी असं काम केलं असेल तर त्याआधी सांगा, प्लीज. त्याप्रमाणे मांडणी बदलेन.